फळ्यावरचं आमचं घर

आमच्या शाळेत नैतिक शिक्षणाचा तास शनिवारी असतो, शेवटून दुसरा. मुलांचं निम्मं लक्ष तोवर दप्तरात गेलेलं असतं आणि निम्मं सायकल स्टँडवर. या विषयाला परीक्षा नाही. प्रगतिपुस्तकात एक श्रेणी द्यायची असते आणि ती सगळ्यांना ‘अ’च द्यायची, असा अलिखित नियम आहे. त्यामुळे ज्यांचा अभ्यासक्रम मागे पडलाय ते शिक्षक शुक्रवारी दुपारपासूनच माझ्या टेबलाभोवती घुटमळतात. गणिताचे सर तर दारातूनच म्हणायचे, “मैडम, कल का नैतिक मुझे दे दो. इनके त्रिकोण अटके पड़े हैं.” मला नाही म्हणता येत नसे. माझा मुख्य विषय संस्कृत. नैतिक शिक्षण माझ्याकडे आलं ते इतर कुणी घेईना म्हणून. पहिली दोन वर्षं मी तो तास वाटत सुटले. मग एकदा नववीतल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, “मैम, हमारी किताब में पाठ है, ‘ना कहना सीखो’. वो आपने पढ़ा है?” त्या दिवसापासून त्रिकोणांनी आपली सोय आपण पाहिली.

पुस्तकाचा फारसा उपयोग नव्हता. त्यातल्या प्रत्येक पाठात कुणीतरी कुणा आंधळ्याला रस्ता ओलांडून देत असे. मी पहिल्यांदा असा एक पाठ वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मैम, ए. बी. रोड पे तो आँख वाले भी पार नहीं कर पा रहे.” देवासला राहणाऱ्या माणसाला हे खोडून काढता येत नाही. मी पुस्तक मिटलं आणि आपली एक रीत बसवली. प्रश्न मुलांनी आणायचा, तो घरातला नाहीतर गल्लीतला हवा. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूची कारणं इकडे, दुसऱ्या बाजूची तिकडे. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तरच प्रश्न चांगला. मी फक्त लिहायचं, बाजू घ्यायची नाही.

वर्गातलं बोलणं हिंदीतच चालतं. मराठी घरातली मुलंही तिथे हिंदीच बोलतात, आणि त्यातली बरीचशी मराठी वाचताना अडखळतात. त्यांचं बोलणं मी इथे जसं होतं तसंच ठेवते.

माझे वडील श्रावणात गेले. सातारा भागातून तरुणपणी नोकरीला म्हणून देवासच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. तीन पाळ्यांत आयुष्य काढलेला माणूस, पण रंगपंचमीला सुट्टी घेतल्याशिवाय राहायचा नाही. सकाळी आठला बादली घेऊन फाटकात उभे राहायचे आणि पेपरवाल्यापासून सुरुवात करायचे. आई धारची. तिच्या माहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दरबारात चाकरी केलेली. तिकडे सगळं रीतीनं आणि हळू आवाजात. पन्नास वर्षं ती वडिलांना “पुरे आता” म्हणत राहिली, आणि पन्नास वर्षं त्यांना ते ऐकू गेलं नाही.

ते गेल्यावर आई रडली ती पहिले काही दिवस. नंतर ती नेमानं सगळं करू लागली. स्वयंपाक, पोथी, जुनी मासिकं, दुपारची झोप. फक्त फाटकाबाहेर जाईना. संध्याकाळी दोघं भाजीच्या गाड्यांपर्यंत चालत जायची, ते बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे धरतील, रोज चालायला हवं. ती अंगणात तुळशीभोवती पाच फेऱ्या घालायची आणि म्हणायची, “झालं चालून.” मी कधी, “चल, कोपऱ्यापर्यंत येतेस?” म्हटलं तर म्हणायची, “कुणाकडे जायचंय?” श्रावणातून दिवाळी आली, दिवाळीतून संक्रांत. तिचं जग फाटकाच्या आत आखडत चाललेलं मी रोज शाळेत जाता-येता पाहत होते. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा ते फाटक ओलांडावं, एवढंच.

दिवाळीत समोरच्या भाभी ताट घेऊन आल्या होत्या, वर भरतकामाचा रुमाल झाकलेला. त्या उज्जैनकडच्या, माळवी. आईची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. मी फाटकातच त्यांना म्हटलं, “भाभी, हमारे यहाँ साल भर त्योहार नहीं होता.” त्या गडबडल्या. “अरे बेटा, माफ करना, ध्यान नहीं रहा,” असं म्हणून ताट घेऊन परत गेल्या. आई आत झोपली होती. मला बरं वाटलं, की आईला अवघड होण्याआधी मी ते निभावलं.

माघ संपता संपता नववीच्या वर्गात कन्नौदची मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांचं तिथल्या मंडीत धान्याचं दुकान आहे, आणि ही शिकायला देवासला आत्याकडे राहते. हात पाठीमागे बांधून, कोर्टात उभं राहावं तशी उभी राहते.

“मैम, मेरा सवाल है. एक घर है. उस घर में गमी हुई.” गमी, म्हणजे कुणीतरी गेलेलं.

“नाम ले ना,” शेजारून एक मुलगा म्हणाला. “सबको पता है किसका घर है.”

“एक घर है,” तिनं पुन्हा ठासून म्हटलं. “अब होली-रंगपंचमी आ रही है. हमारे यहाँ पहले त्योहार पे गमी वाले घर जाके थोड़ा गुलाल लगाते हैं. उससे शोक उतरता है. नहीं गए तो मतलब हमने उनको छोड़ दिया. लेकिन उस घर वालों के यहाँ साल भर रंग नहीं चलता. तो जाना कि नहीं जाना?”

माझ्या हातात खडू होता. वर्ग माझ्याकडे पाहायचं टाळत माझ्याकडे पाहत होता. नियम माझाच होता, प्रश्न घरातला हवा. कुणाच्या घरातला, ते मी सांगितलं नव्हतं. मी रेघ मारली. इकडे लिहिलं ‘जाना’, तिकडे ‘नहीं जाना’.

वर्गात एक मराठी मुलगा आहे, त्याचं घराणंही मूळ धारचंच. त्याला आपल्याकडचं सगळं माहीत असतं. तो उठला. “साल भर मतलब साल भर. मेरी दादी गई थीं तब हमने पिचकारी को हाथ नहीं लगाया. घर में कढ़ाई नहीं चढ़ी.”

“तो दिवाली पे तूने कुछ नहीं खाया?” कुणीतरी विचारलं.

“खाया ना! घर में नहीं बनाते, पर पड़ोस वाले, रिश्तेदार, सब देके जाते हैं. भिया, उस साल जितनी करंजी खाई उतनी कभी नहीं खाई.”

वर्ग हसला. मी ‘कढ़ाई नहीं’ लिहीत होते, तो शब्द तसाच अर्धा राहिला. भाभींचं ताट डोळ्यांपुढे आलं. रुमालाचा रंगसुद्धा आठवला.

निसरपूरचा एक मुलगा आहे. नर्मदेच्या पाण्यात त्यांचं जुनं गाव गेलं आणि ती माणसं नव्या वसाहतीत आली. तो क्वचित बोलतो. तो बसूनच म्हणाला, “हमारे यहाँ तो गाँव उठ गया था मैम. नई जगह में कौन किधर रहता है, ये ही पता नहीं चलता था. किसी के यहाँ गमी होती तो दादाजी बोलते, पहले जाके बैठो. रंग-वंग का बाद में देखेंगे.”

“हमारे यहाँ तीन दिन का सोग होता है,” खिडकीजवळची मुलगी म्हणाली, तिचे वडील मशिदीजवळ चष्म्याचं दुकान चालवतात. “सिर्फ़ बेवा का चार महीने दस दिन. उस हिसाब से तो उस घर की दादी कब की फ्री हैं.”

एवढा हशा झाला की शेजारच्या वर्गातून गणिताच्या सरांनी भिंत वाजवली. मीही हसले. श्रावणापासून वर्गात मी पहिल्यांदाच हसले असेन, कारण दोघी-तिघी माझ्याकडे टक लावून बघू लागल्या.

“मैम, आप किस तरफ हो?” कन्नौदच्या मुलीनं विचारलं.

“मैं तो सिर्फ़ लिखती हूँ,” मी नेहमीसारखं सांगितलं. घंटा झाली. फळा पुसताना दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या होत्या. प्रश्न चांगला होता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगायचं, असं वाटेत दहा वेळा ठरवलं. ताटाचं सांगायचं, वर्गाचं सांगायचं. ती मासिक वाचत बसली होती. मी चहा केला, आणि चहाबरोबर गावातल्या पाणीपुरवठ्याविषयी बोलले.

रविवारी धारहून मावशीचा फोन आला. मावशी आईहून सहा वर्षांनी मोठी; तिची मराठी जुन्या पत्रांतली वाटते. फोन स्पीकरवर होता. “फाल्गुन येतो आहे,” ती म्हणाली. “वर्षाचे आत अंगास रंग लागता कामा नये. आपल्यात तसे करीत नाहीत. मुलीस सांगून ठेव, ती शाळेत असते, पोरे अंगावर टाकतात.”

“हो अक्का,” आई म्हणाली. तेवढंच. मी ते ‘हो’ उचललं आणि मनात निकाल लावून टाकला.

परीक्षेआधीच्या शेवटच्या शनिवारी मी माझा नियम मोडला. मी वर्गाला म्हटलं, “वो घर वाला सवाल. उस घर मत जाना. साल पूरा होने दो.”

कन्नौदची मुलगी उठली. “मैम, घर वालों से पूछा?”

“मैं घर वाली ही तो हूँ.”

“आप नहीं. दादी से पूछा?”

एवढ्यात घंटा झाली. मी कधी नव्हे ती घंटेबरोबरच बाहेर पडले.

रंगपंचमीच्या सकाळी शहरात गेरीचे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचे, भोंगे लागले. लांबून टँकरचं पाणी उडाल्याचा आणि माणसांच्या आरोळ्यांचा आवाज येत होता. आईनं रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या, पण वरची झडप उघडी ठेवली. अकराच्या सुमाराला फाटकाशी कुजबुज ऐकू आली. मी बाहेर गेले. सहा-सात मुलं, सगळी धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, कोरडी. त्या दिवशी देवासमध्ये कोरडं राहणं सोपं नव्हतं; गल्लीबोळांतून लपतछपत आली असणार. त्यांचा विज्ञानाचा पेपर झाला होता आणि गणिताचा दोन दिवसांवर होता. कन्नौदच्या मुलीच्या हातात गुलालाची छोटी पिशवी होती.

“मैम ने मना किया था,” मराठी मुलगा तिला दटावत होता.

“घर में जाने को मना किया था. फाटक घर नहीं है.”

“ये चीटिंग है.”

“चीटिंग नहीं, तर्क है. मैम ने ही सिखाया.”

“अरे धीरे बोलो, दादी सुन लेंगी,” निसरपूरचा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

दादींनी ऐकलंच होतं. आतून काठीचा आवाज आला आणि आई ओसरीवर येऊन उभी राहिली. “कोण आहे गं?”

“माझ्या वर्गातली मुलं. निघालीत.”

“निघालीत कशाला? आलीत कशाला ते तर कळू दे.” तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मुलं माझ्याकडे न बघता आत आली.

कन्नौदची मुलगी हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि तिनं अख्खा फळा तोंडपाठ म्हणून दाखवला. आधी ‘जाना’ची कारणं, मग ‘नहीं जाना’ची. एकही गाळलं नाही, चार महिने दहा दिवससुद्धा. आणि शेवटी म्हणाली, “मैम बोलीं, मत जाओ. पर आपसे किसी ने पूछा नहीं था. तो दादी, अब आप बताओ.”

आई माझ्याकडे वळली. “माझ्यावर तास घेतलास?”

“तास त्यांचा असतो. मी फक्त...”

“किती शनिवार?”

“दोन.”

“आणि जिंकलं कोण?”

“बराबरी पे छूटा, दादी,” मराठी मुलगा म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की इथे मराठी चालेल. “आजी, म्हणजे सेम-सेम.”

आईनं पदर सारखा केला. “सुनो सब. रंग मैं नहीं लगाऊँगी. साल मैं पाल रही हूँ, मेरे मन से पाल रही हूँ. किसी के डर से नहीं.” मराठी मुलानं मूठ वळून हवेत नाचवली. “तू खुश मत हो. मैंने ये कब कहा कि कोई आए ही नहीं? अरे, दिवाळीला एक ताट आलं नाही घरात. संक्रांत गई, कोई दरवाज़े पे नहीं आया. मुझे लगा, ये थे तब तक हमारी पूछ थी. अब किसके यहाँ जाऊँ मैं?”

मराठी मुलगा खरोखर गोंधळला होता. “आजी, पण ताट तर आणतातच ना?”

“आणतातच!”

आता मला बोलणं भागच होतं. “आई, समोरच्या भाभी आणत होत्या. मी परत पाठवलं.”

“तू?”

“मला वाटलं, आपल्यात...”

“आपल्यात घरी तळायचं नसतं. दुसऱ्यानं आणलेलं दारातून परत पाठवायचं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“मैम को डाँट पड़ रही है,” चष्म्याच्या दुकानवाल्याची मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, फार समाधानानं. त्यांना मराठी सगळी कळत नव्हती, पण एवढी कळण्यासारखी होती.

आईनं मला आणखी थोडं झापलं. त्यात माझी संस्कृतची पदवी आली, लहानपणी मी पोस्टमनला दिवाळीची पोस्त द्यायची विसरले होते ते आलं, वडिलांवर गेले नाही हे आलं. मी ऐकत होते आणि मला गंमत वाटत होती, कारण इतकी सलग वाक्यं ती सात महिन्यांत बोलली नव्हती. आणि एकीकडे लाजही वाटत होती. भाभी आमची रीत सांभाळत होत्या. आई त्यांची वाट बघत होती. मधल्या फाटकात मी उभी होते, दोन्ही बाजूंची काळजी घेत.

“और ये गुलाल?” मुलीनं विचारलं. पिशवी अजून तिच्या मुठीत होती.

आईनं विचार केला. “साल मैं पाल रही हूँ. वो थोड़े ही पाल रहे हैं.” मग मला म्हणाली, “आतून यांचा फोटो आण.”

मी फोटो आणून खुर्चीवर ठेवला. हार बाजूला केला. मुलं एकेक करून पुढे आली आणि काचेवर बोटानं गुलाल लावू लागली. पहिला टिळा निसरपूरच्या मुलानं नाकावर ओढला.

“नाक पे नहीं रे, गाल पे. उनको गाल पे ही चलता था.”

“दोनों गाल पे, दादी?”

“पूरे मुँह पे लगा दो. वो किसी को छोड़ते थे क्या?”

थोड्याच वेळात वडिलांचं काही दिसेना, फक्त टक्कल वर राहिलं. आई बघत होती. डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदरानं चौकटीचा एक कोपरा पुसून दिला आणि म्हणाली, “पुरे आता.” मुलांना तेही ऐकू गेलं नाही.

मग ती उठली. “समोर असतील का गं त्या घरी?”

“असतील.”

तिनं चपला पायात घातल्या. काठी घेतली, एका मुलानं हात पुढे केला, त्याला नको म्हटलं. मुलं दोन्हीकडे सरकली. मी फाटकाची कडी काढली, आणि काढताना काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ती कदाचित थांबली असती. ती बाहेर पडली. रस्त्यावर हिरवं-गुलाबी पाणी साचलं होतं, त्यातून साडी उचलून धरत, मधेच थांबत, पलीकडे गेली.

भाभी दारातच होत्या, कोपरापर्यंत रंगलेल्या. आईला येताना बघून त्यांनी चटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. “ताई, आप? मेरे हाथ... आपके यहाँ तो...”

“हाथ पीछे ही रखो,” आई म्हणाली. “मुँह से बात करो. सुना है दिवाली पे तुम आई थीं?”

“आई तो थी.”

“मेरी लड़की बहुत पढ़ी-लिखी है ना, इसलिए उसको थोड़ा कम समझता है. अंदर आने दोगी कि यहीं से लौटाओगी, जैसे उसने तुमको लौटाया?”

भाभी एवढ्या हसल्या की हात पाठीमागे ठेवायचं विसरल्या, आणि मग परत घाईनं लपवले. दोघी आत गेल्या. पडदा पडला.

मुलं फाटकात घुटमळत होती. त्यांना वाटत होतं, आजी येतील, मग निघू. पाच मिनिटं गेली, दहा गेली. समोरून दोघींचे आवाज येत होते, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात वडिलांचं नाव दोनदा ऐकू आलं. मग पडदा बाजूला झाला आणि आईनं डोकं बाहेर काढलं.

“कुकर तू लाव गं,” ती रस्त्यापलीकडून ओरडली. “मला वेळ लागेल.”